चुन्नीलालच्या वाइंडिंगवरचा आळ

मुर्रीच्या राइस मिलमध्ये बिसराम पंचवीस वर्षांपासून इलेक्ट्रिशियन. पॅनलला हात लावण्याआधी मनातल्या मनात मारुतीचं नाव घेणार, मगच पेचकस उचलणार. मिलमध्ये त्याच्या शब्दाला वजन होतं. त्या दिवशी त्या वजनानंच घात केला.

धान वर नेणारी मोटर सकाळी चालू केली आणि तिचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह लगेच बंद पडला. मोटरीकडे जाणाऱ्या तीनपैकी एक फेज गायब, असं ड्राइव्हच्या पडद्यावर आलं. मोटर नुकतीच फुलचूरच्या चुन्नीलालकडून वाइंडिंग होऊन आलेली. बिसरामनं काहीएक न उघडता मालकांना सांगून टाकलं, "भैयाजी, चुन्नीलालनं काम कच्चं केलं."

भैयाजींनी हमालांसमोरच चुन्नीलालला फोन लावला. "आजपासून माझी एकही मोटर तुह्याकडे येणार नाही."

अर्ध्या तासात चुन्नीलाल मीटर घेऊन हजर. पाणीसुद्धा मागितलं नाही.

"काऊन गा बिसराम, मोटर खोलून पाहिली का?"

"पाहाचं काय त्यात?"

"मंग देवानं सपनात येऊन सांगतलं का तुले?"

हमाल हसले. बिसराम चिडला. त्यानं लाइन बंद केली, ड्राइव्हमधली वीज उतरेपर्यंत दोघं दहा मिनिटं थांबले. मग ड्राइव्हकडून केबल सोडवून मोजली. दोन तारा आपसात बरोबर, तिसरी कोणाशीच बोलेना.

"पाहा," बिसराम म्हणाला.

"आता मोटरीवर मोज."

बिसरामनं मोटरीवरचा, तारा जोडायचा डबा उघडला, बोल्टांवर मीटर टेकवला. तिन्ही आकडे सारखे. पुन्हा मोजले. सारखेच. म्हणजे वाइंडिंग धडधाकट होतं, तुटलं होतं ते जोडावर.

त्यानं तिसरा नट ढिला केला. तारेच्या टोकाच्या चकतीखाली जळून कोळसा झालेला दोरा होता. टोकाला बोटभर लाल राहिला होता.

बिसरामनं तो ओळखला. दसऱ्याचा नाडा. दरवर्षी पूजेत तो मोटरीला बाहेरून बांधायचा, आणि चार दिवसांत कोंड्यानं काळा होऊन नाडा तुटायचा. यंदा पूजेच्या दिवशीच मोटर बसवायची होती. आत राहिला तर वर्षभर टिकेल, म्हणून त्यानं तो बोल्टलाच गुंडाळला आणि वरून नट कसला. चकती धड टेकलीच नव्हती; जोड तापत गेला आणि जळला. आपल्याच हातानं. आणि नाव घेतलं चुन्नीलालचं.

चुन्नीलालनंही पाहिलं होतं. तो हळूच म्हणाला, "पूजा कोणं केली होती गा?"

तेवढ्यात भैयाजी आले. "सापडलं का काही?"

चुन्नीलाल मीटरच्या तारा गुंडाळू लागला. बिसराम पुढं झाला. तो म्हणाला, "चूक माही आहे, भैयाजी. याचं काम पक्कं आहे. मघा जे बोललात ते याच हमालांसमोर मागं घ्या."

 भैयाजी चुन्नीलालकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझे शब्द मागं घेतो, भाऊ. पुढची मोटर तुह्याकडेच येईल."

बिसराम खाली बसला. बोल्ट घासून साफ केला आणि पाना उचलला. चुन्नीलालनं त्याच्या हातातून पाना घेतला, नट स्वतः कसला. मग जळका नाडा उचलून बिसरामच्या खिशात ठेवला.

"फेकू नको," तो म्हणाला. "देवाचा आहे. त्याचा का दोष?"