क्योटो घेतलं की जाऊ

माझे यजमान शेवटची चार वर्षं जपानी होते. याहून बऱ्या शब्दांत मला ते सांगता येत नाही. सकाळचा चहा झाला की चष्मा पुसून ते कॉम्प्युटरसमोर बसत आणि जेवण सोडलं तर संध्याकाळी कारखान्याचा भोंगा होईपर्यंत उठत नसत. भोंगा झाला की लढाई ऐन रंगात असली तरी ती थांबवायची आणि हात धुवायचे. त्या कारखान्यातून निवृत्त झाले, पण भोंग्यातून नाही.

कॉम्प्युटर जावयांनी दिला होता, नागपूरच्या लेकीशी बोलता यावं म्हणून. हा खेळही त्यांनीच घालून दिला. जुन्या जपानचा नकाशा, त्यावर एकमेकांच्या उरावर बसलेली सरदार घराणी. त्यातलं एक आपलं. प्रत्येक खेळीला एक ऋतू सरतो. शेतं पिकवायची, फौज उभारायची, शेजारी गिळायचा, आणि शेवटी राजधानी क्योटो घ्यायची. ती घेतली की खेळ संपला. मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. इतिहासाचं इतकं चकचकीत आणि इतकं पोकळ सोंग दुसरं पाहिलं नाही. एखादा सरदार पडला की पडद्यावर पाकळ्या गळत, बासरी वाजे. त्याच्यापायी मेलेल्या शेतकऱ्यांसाठी काहीही वाजत नसे.

मला नागपूरला जायचं होतं. लेक तिथे, बहिणी तिथे, मराठी पुस्तकांची दुकानं तिथे. जबलपुरात मराठीत भांडायलासुद्धा मला ह्यांच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. खेळ घरात आला त्याच महिन्यात लेकीच्या इमारतीत तळमजल्याचं घर रिकामं झालं तेव्हा मी विषय काढला. पडद्यावरची नजर न हलवता ते म्हणाले, "क्योटो घेतलं की जाऊ."

मला वाटलं, महिनाभराचा प्रश्न आहे.

क्योटो काही पडेना. कारण मला दिसत होतं. ह्यांनी सारा जन्म तोफांचे सुटे भाग तपासण्यात घालवलेला. माप लावायचं, बसलं तर शिक्का, नाही बसलं तर रिजेक्ट. खेळात एका बंदरावर परदेशी व्यापारी येत आणि बंदुका देऊ करत. हे दर वेळी त्यांना परत पाठवत.

"अहो, खऱ्या इतिहासात ज्यांनी बंदुका घेतल्या तेच पुढे गेले."

"गेले असतील. तपासल्या कोणी?"

"खेळ आहे तो!"

"माझ्या माणसांच्या हाती बिनशिक्क्याचा माल देऊ का? काय बोलून राहिली तू!"

"मग बसा भाले घेऊन."

"भाल्यात फुटण्यासारखं काही नसते, मास्तरीणबाई."

मागे खुर्ची टाकून शेजारचे भैया बसलेले असत, तेही कारखान्यातलेच. ते मान डोलवत. "भाभीजी, साहब सही कह रहे हैं. बिना इन्स्पेक्शन के तो हम दिवाली का बम भी न छुएँ." मग दोघं खूप हसत. जन्मभर तोफा करून पोट भरलेले दोन म्हातारे तलवारीच्या इभ्रतीच्या गप्पा मारत, आणि मी त्यांच्यापुढे चहाचे कप ठेवून पुस्तक घेऊन आतल्या खोलीत जाई. मला त्यांची कीव येत नसे. कीव करायला थोडी माया लागते, आणि त्या खोलीत माझ्याजवळ ती नव्हती.

महिन्या-दीड महिन्याने मी विचारी, "काय झालं तुमच्या क्योटोचं?"

"गेली फौज. पुन्हा उभी करतो."

तळमजल्याचं घर दुसऱ्यांनी घेतलं. पुढच्या वर्षी त्याच्या वरचं रिकामं झालं, तेही गेलं. चौथ्या वर्षाची थंडी सरता सरता हे गेले. दोन दिवस दवाखान्यात होते, फारसं बोलले नाहीत.

तेराव्याला भैया रडत म्हणाले की साहेबांचा खेळ अधुरा राहिला. त्यांच्या हातातला लाडू मला हिसकावून घ्यावासा वाटला. लेक म्हणाली, "आई, आता चल." मी महिनाभराचा वेळ मागून घेतला, कागदपत्रांचं निमित्त सांगून. खरं म्हणजे मला बंदुका घ्यायच्या होत्या, क्योटो पाडायचं होतं, आणि हार घातलेल्या त्या फोटोला सांगायचं होतं की हे इतकं सोपं होतं.

एका दुपारी मी बसले. चार वर्षं चहा ठेवता ठेवता खेळ मला येऊ लागला होता. साठवून ठेवलेल्या डावांची यादी उघडली. त्रेचाळीस डाव. नावं ह्यांनी दिलेली, कारखान्यातल्या मालाच्या खेपांसारखी: लॉट एक, रिजेक्ट. लॉट दोन, रिजेक्ट. मी शेवटचा उघडला. ह्यांची फौज क्योटोच्या वेशीवर उभी होती, बाहेर बाराशे माणसं आणि आत जेमतेम दोनशे. मी त्याच्या आधीचा उघडला. तेच. मग एकेक करत सगळे उघडले. कुठलीच फौज गेलेली नव्हती. दर वेळी हे वेशीपर्यंत आले, डाव साठवला, त्याला रिजेक्ट नाव दिलं आणि नकाशाच्या खालच्या टोकाकडून नव्याने सुरुवात केली.

कारखान्यात दिवसभर नाही म्हणणारा हा माणूस घरात मला कधीच नाही म्हणाला नव्हता. मला जबलपूर सोडायचं नाही. चार शब्द. ते तोंडातून काढवत नव्हते म्हणून त्रेचाळीस वेळा जपान अर्धा जिंकला आणि बंदुकांचं निमित्त पुढे केलं. भित्रा माणूस. आणि मी इतिहासाची बाई, चार वर्षं शेजारी उभी राहून बंदुकांवर वाद घालत होते.

मी शेवटच्या डावातली ह्यांचीच फौज पुढे सरकवली. एकही बंदूक घेतली नाही, लागलीही नाही. पंधरा मिनिटांत क्योटो पडलं. पाकळ्या गळल्या, बासरी वाजली. माझ्या शौर्याची स्तुती करणारी दोन वाक्यं आली, ती मी वाचली नाहीत. डाव साठवायला नाव विचारलं. बाहेर भोंगा झाला. मग एकेक अक्षर शोधत मी लिहिलं: लॉट चव्वेचाळीस, रिजेक्ट.

हात धुतले तोवर लेकीचा फोन आला. "आई, रविवारी गाडी घेऊन येतो आम्ही. सामान झालं ना बांधून?"

"गच्ची गळते आहे गं," मी म्हटलं. "पावसाच्या आधी ती करून घेते. ती झाली की येते."

आमची गच्ची आजवर कधी गळलेली नाही.