आबांची घड्याळं आणि नानांचा एकच प्रश्न

घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात एक ड्रॉवर असतोच. लोकांनी दुरुस्तीला टाकलेली आणि परत न्यायला विसरलेली घड्याळं त्यात पडून असतात. शहाद्याच्या नानांच्या ड्रॉवरमध्ये तशी घड्याळं साठत गेली आणि आमच्या डोक्यात नानांचे किस्से. ड्रॉवर निदान बंद तरी करता यायचा!

मी शाळेत सायन्स शिकवायचो. शाळा सुटली की नानांच्या दुकानातल्या लाकडी बाकावर जाऊन बसायचो. शेजारी आबा पाटील. तापीकाठी केळी, ऊस, आणि मुलगा विपुल अमेरिकेत. ऊस गाळप सुरू असलं आणि वारा पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याकडून असला, की तिथला चारचा भोंगा दुकानात ऐकू यायचा. मग आम्ही तिघं आपापली घड्याळं त्यावर लावून घ्यायचो. काय दिवस होते!

विपुलला महागड्या घड्याळांचा भारी नाद. दर फेरीला बापासाठी एक आणायचा. आबा ते आधी नानांना दाखवायचे, मग घरी बायकोला! नानांनी एकदा तरी "आबा, पैसा वसूल शे" म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा. नाना उजव्या डोळ्याला भिंग लावून घड्याळ उलटंपालटं करायचे आणि दर वेळी एकच विचारायचे,

"हाई नसतं तर काय अडतं?"

*

पहिलं घड्याळ स्टॉपवॉचवालं. कडेला दोन जादा बटणं, आत तीन छोट्या तबकड्या. आबा ते बांधून सारंगखेड्याच्या यात्रेत गेले. घोड्यांचा बाजार ऐन भरात होता. एका घोडीची धाव बघायला माणसं दोन्ही बाजूंनी उभी. आबांनी आधीच जाहीर केलं, "टाइम मी लिसू!"

घोडी सुटली, आबांनी बटण दाबलं. घोडी पोचली, पुन्हा दाबलं. आजूबाजूचे लोक घोडी सोडून आबांच्या मनगटाकडे बघायला लागले. दुसऱ्या दिवशी आबा दुकानात आले तेव्हा त्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते.

"नाना, बावीस सेकंद! वर जरासं!"

"बरं. घोडी कशी व्हती?"

"सांगं ना, बावीस सेकंद!"

"ते कळनं. रंग कसा व्हता?"

आबांनी पुन्हा घड्याळातच बघितलं! सगळा वेळ हा माणूस काट्याकडे बघत होता. अजूनही यात्रेत एखादी देखणी घोडी दिसली की मी आबांना कोपरानं ढोसतो, "आबा, ही व्हती का?"

*

दुसऱ्या घड्याळात चंद्र होता. निळ्या खिडकीत सोनेरी चंद्र, रोज थोडा थोडा सरकणारा. दिसायला फार सुंदर, खोटं कशाला बोलू?

आता आमच्याकडे अमावस्येला कोणी औत धरत नाही. सालदार, म्हणजे वर्षभराच्या बोलीवर ठेवलेला गडी, त्या दिवशी घरी बसतो. आबांना मात्र केळीची लागवड उरकायची घाई झालेली. ते थेट सुकलाल सालदाराच्या घरी गेले आणि बघ म्हणून मनगट पुढे केलं. "पाय, कसानी अमावस? अर्धा चांद शे आजून!"

झालं असं होतं, की घड्याळ आठ दिवस कपाटात बंद पडून होतं. आबांनी काढून वेळ लावली, चंद्राचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही. सुकलालनं घड्याळ नीट बघितलं आणि शांतपणे म्हणाला,

"मंग आबा, हाऊ चांद रातले वावरमा टांगी द्या. उजेड पडना तर मी येस कामले."

हा किस्सा ऐकून नाना इतके हसले, की भिंग डोळ्यातून निसटून चहात पडलं!

*

एकदा विपुल स्वतः दुकानात आला. हातातल्या घड्याळाची किंमत त्यानं सांगितली नाही आणि आम्हीही विचारायची हिंमत केली नाही. आतला एक भाग सारखा गरगर फिरत होता. गुरुत्वाकर्षणामुळे वेळ चुकू नये म्हणून तो फिरता ठेवलाय, असं विपुल म्हणाला. माझ्यातला सायन्सचा मास्तर जागा झाला आणि मीही पाच मिनिटं लेक्चर दिलं. नानांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"मास्तर, घडी खिसामा उभी ऱ्हाये, तवयनी युक्ती शे हाई. आते घडी हातवर शे. हात दिवसभर फिरसच ना!"

विपुल जरा चिडला. "नाना, याची तारीखसुद्धा एकवीसशे सालापर्यंत बदलावी लागत नाही. लीप इयर आपोआप कळतं."

"आनि एकवीसशे सालमा?"

"ते साल लीप नसतं, हे याला कळत नाही. तेव्हा एकदा घड्याळजीकडे न्यावं लागेल."

नानांनी गंभीरपणे मान डोलावली. "बरं. तवलग दुकान उघडं ठेवसू!"

*

कोरीट गावची एक माय यायची. एकाच मनगटावर दोन स्वस्तातली घड्याळं. एकात आपली वेळ, दुसऱ्यात परदेशातल्या मुलाची. तिकडे वर्षातून दोनदा घड्याळं तासभर मागेपुढे करतात. तेव्हा ती बसनं शहाद्याला यायची आणि नाना तिचा काटा सरकवून द्यायचे. ज्या प्रश्नानं आबांना हैराण केलं होतं, तो तिला त्यांनी कधीच विचारला नाही. जेवायला बसण्याआधी ती दुसऱ्या घड्याळात बघते, म्हणायची. "आते तो निजना व्हई," असं स्वतःशी म्हणते आणि मग घास घेते.

एकदा ती आली तेव्हा नेमके आबा नवं घड्याळ बांधून बसलेले. त्यात तास दाखवणारा एक जादा काटा होता, दुसऱ्या देशाची वेळ दाखवायला. "माय, हाई पाय. एकच घडीमा दोन देश!"

मायनं ते डोळ्यांजवळ नेलं. बराच वेळ हिशेब लावत राहिली.

"भाऊ, मन्हा पोऱ्याना टाइममा आनि आपला टाइममा वर अर्धा तास ऱ्हास. तो कोठे शे?"

नव्या काट्याला पूर्ण तासच कळायचे! आबांनी बाही खाली ओढली.

आता ती माय नाही. पण जेवणाच्या ताटावर बसलो की कधी कधी तिची आठवण येते आणि मीही आधी घड्याळात बघतो.

*

गेल्या दोन वर्षांत नानांची नजर उतरत गेली. आधी बारीक स्क्रू हाताला सापडेनात. मग फक्त सेल बदलून द्यायचे. शेवटी डॉक्टरांनी आता इलाज नाही म्हणून सांगितलं आणि दुकानाचं शटर खाली आलं. आमची बैठक नानांच्या घराच्या ओट्यावर आली.

दुकान गेल्याचं नानांनी कसंबसं सोसलं. पण त्यांना वेळ विचारावी लागायची, ते आम्हाला बघवत नव्हतं. "बेटा, कितला वाजनात?" असं सुनेला दिवसातून वीसदा विचारायचे. साऱ्या गावाची घड्याळं लावून दिलेला माणूस! नातवानं वेळ बोलून दाखवणारा मोबाइल दिला, तर म्हणाले, "हाई बाई माले सांगस का गल्लीले?" मोबाइल परत केला. पुढे सुनेला विचारणंही सोडलं. वेळ सांगू का, असं आम्ही विचारलं तर नुसते "असू दे" म्हणायचे.

यंदा ऊस गाळपाच्या दिवसांत विपुल आला. आणलं होतं एक जुनं, खिशात ठेवायचं घड्याळ. त्या किमतीत आबांनी शेजारचं वावर घेतलं असतं. आबा ते घेऊन थेट ओट्यावर आले. नानांच्या तळहातावर ठेवलं आणि त्यांचा अंगठा कडेच्या खटक्यावर टेकवला.

"सरकाव."

नानांनी खटका सरकवला. आतून तीन जाड टोले पडले. मग पंधरा मिनिटांचा एक, असे तीन जोडटोले. मग बारीक, एकेक करत बारा. नाना बोटांवर मोजत होते.

"तीन तास... पंचेचाळीस... वर बारा. तीन सत्तावन."

ओठ हलत राहिले. आता तो प्रश्न येणार म्हणून आबा श्वास धरून बसलेले. तेवढ्यात पुरुषोत्तमनगरकडून चारचा भोंगा आला. नानांनी मान वर केली.

"आबा, तीन मिनिटं मांगे शे हाई."

आबांचा चेहरा पडला. हात पुढे करत म्हणाले, "मंग दे इकडे. पोऱ्याले सांगस, परत ली जा."

नानांनी मूठ मिटली.

"ऱ्हाऊ दे. तीन मिनिटं मी मनमा धरी लिसू."