फोटोखालच्या दोन ओळी

डोळे गेलेल्या एका माणसाला मी सांगितलं की फोटोखाली काही लिहिलेलं नाही. लिहिलेलं होतं. चांगल्या दोन ओळी होत्या, माझ्या नाकासमोर. तेव्हा मी एकोणसत्तर वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता. बाई नुकतीच लॅपटॉप शिकली होती आणि सगळं जग आपल्या बोटाखाली आलं अशा तोऱ्यात अमरावतीत हिंडत होती.

तो माणूस म्हणजे आमच्या कॉलनीतले रशियन भाऊ. मूळचे मोर्शीकडचे. नोकरी अकोल्याजवळच्या वीज केंद्रात, टर्बाइनवर. तरुणपणी प्रशिक्षणाला वर्षभर रशियात राहून आले आणि येताना एक केसाळ टोपी, ती भाषा आणि एक खोड घेऊन आले. हाती आलेला कागद ते शेवटच्या अक्षरापर्यंत वाचत. लग्नपत्रिका आली की मागचा छापखान्याचा फोन नंबरसुद्धा. मी एकदा हसले, तर म्हणाले, "बाई, मशीनवरची पाटी अर्धी वाचली का मानूस भाजते. मी पाह्यलं हाये." पुढे मी हसले नाही. निदान त्यांच्यासमोर.

काचबिंदूनं त्यांची नजर गेली तेव्हा वाचायचं काम वहिनींकडे आलं. "निविदा सूचना बी वाचा लागते मले," त्या सांगायच्या. "याईले कोनता पूल बांधाचा हाये, कोन जाने." भाऊ खुर्चीत बसून ऐकत आणि एखादी ओळ गळली तर बरोबर ओळखत. "मधातलं कुठं गेलं?" वहिनी कपाळावर हात मारून मागे वळत.

अशात मला नातीनं ते एक्स्टेन्शन शिकवलं. ब्राउझरमध्ये एकदा टाकलं की परक्या भाषेतलं पान बटण दाबताच मराठी होतं. आठवडाभर मी जपानी बायकांची लोणची आणि इटलीतल्या सासूसुनांची भांडणं वाचली. मग लॅपटॉप काखोटीला मारून भाऊंकडे गेले. म्हटलं, सांगा, रशियातलं काय पाहू?

त्यांनी एकच मागितलं. प्रशिक्षण झालं त्या जुन्या कारखान्याचं पान, आणि त्यात साशा कुठे दिसतो का. साशा म्हणजे वसतिगृहातल्या खोलीतला त्यांचा जोडीदार. पहिल्या हिवाळ्यात त्यानं आपला दुसरा कोट भाऊंना दिला होता आणि खिडकीच्या फटी खळ लावलेल्या कागदांनी बुजवून दिल्या होत्या. काही वर्षं पत्रं चालली, मग भाऊंच्या बदल्यांत पत्ते हरवले. "हाये का गेला, एवढं समजलं तरी झालं," ते म्हणाले.

पान सापडलं. बटण दाबलं, मी वाचू लागले. 'कारखान्याचा समूह तुमचे गरम स्वागत करतो' असलं मराठी. भाऊ पोट धरून हसले. म्हणाले, "हे तुमचं मशीन समद्याईच्या घरी जाते, पन कोनाकडं चहा पीत नाई." साशाचं नाव कुठे येईना. सगळ्यात खाली एक जुना फोटो होता. टर्बाइनसमोर सात-आठ पोरं, त्यात केसाळ टोपीतले आमचे भाऊ, असं मी त्यांना सांगितलं. आणि तळाशी, फोटोतच कोणी मागाहून छापलेल्या दोन ओळी. पान मराठी झालं, पण त्या रशियनच राहिल्या. फोटोतली अक्षरं ते एक्स्टेन्शन वाचत नाही.

"फोटोखाली काई लिवलं हाये का?" भाऊंनी विचारलं आणि तळहात पुढे केला. "अक्षरं जशी दिसते तशी हातावर काढा. मी वाचतो."

असं आम्ही एकदा केलं होतं, त्यांच्या एका जुन्या पाकिटावरचे चार शब्द. तासभर लागला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मला लेकीकडे अकोल्याला निघायचं होतं, बॅग भरायची होती. ते त्यांना सांगावं, एवढंही सुचलं नाही. मी म्हणाले, "काही नाही भाऊ, नुसता फोटो आहे."

त्यांनी हात मागे घेतला, गुडघ्यावर पुसला. "बरं," म्हणाले.

अकोल्यात मी तीन आठवडे राहिले. तिथेच भाऊ गेल्याचा फोन आला. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला पोचले. त्यांच्यासोबत काम केलेले एक जण बोलायला उभे राहिले. म्हणाले, भाऊंनी आयुष्यात एक पाटी अर्धी सोडली नाही. लोक रडता रडता हसले. मी सतरंजीची किनार पाहत होते.

घरी आले आणि ते पान पुन्हा उघडलं. फोनमधलं भाषांतराचं अ‍ॅप उघडून कॅमेरा त्या दोन ओळींवर धरला. दोन मिनिटांचं काम होतं. 'डावीकडून तिसरा आमचा भारतीय मित्र. त्याचा पत्ता कोणाला ठाऊक असेल तर मला कळवा. साशा.' शेजारी ईमेलचा पत्ता.

मी लिहिलं, भाऊ गेल्याचंही. चार दिवसांनी साशाच्या नातीचं उत्तर आलं. आजोबा आहेत, ऐकू कमी येतं. ते विचारतात, मित्रानं त्या ओळी वाचल्या होत्या का?

ते उत्तर घेऊन मी वहिनींकडे निघाले. एक्स्टेन्शननं ओळी सोडल्या, असं सांगायचं ठरवलं होतं. ते खोटंही नव्हतं. रस्ताभर घोकलं. पण वहिनी ओट्यावर अंबाडी निवडत बसल्या होत्या, त्यांनी मला बसायला पाट सरकवला आणि माझ्या तोंडून सगळं खरं बाहेर पडलं. ओळी दिसल्या होत्या. कंटाळा केला. खोटं बोलले.

वहिनींची पानं खुडणं थांबलं नाही. जुडी संपली तेव्हा त्या बोलल्या.

"त्याईले समजलं होतं, बाई. तुमी गेल्यावर मले म्हने, खाली काई तरी लिवलं हाये, बाईचा आवाज पडला. आज घाईत असतीन, उद्या इचारू. दुसऱ्या दिवशी सकाळीच साबनानं हात धुतले, अन् खुर्ची दाराजवळ घेऊन बसले."