छत्रीवाल्या बाईचे डोळे

माझा दादा पांढुर्ण्याच्या बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवायचा. किराणा, सायकल दुरुस्ती, संत्र्यांचे आडते, आणि निवडणूक आली की गावभरच्या भिंती. हात चांगला होता आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून घरात त्याचा तोरा जरा जास्तच चालायचा. ऐंशीनंतरच्या एका वर्षी विहाराच्या कमिटीतले एक काका नागपूरहून जपानी कॅलेंडर घेऊन आले. तिथल्या कुठल्याशा कार्यक्रमात जपानहून आलेल्या भंतेजींनी ते वाटलं होतं. त्यात बर्फाचा डोंगर होता, होड्यांवर तुटून पडणारी लाट होती, पुलावरून पावसात पळणारी माणसं होती, आणि बर्फात छत्री धरून उभी एक बाई होती.

जपान म्हणजे बुद्धाला मानणारा देश, तेव्हा तिथली चित्रं धम्माचीच असणार, असं कमिटीनं परस्पर ठरवून टाकलं. लाट म्हणजे तृष्णा, डोंगर म्हणजे निर्वाण, आणि छत्रीवाली बाई साक्षात बुद्धाची आई महामाया. जपानी वाचता येणारं कुणी गावात नव्हतं, त्यामुळे खोडून काढायलाही कुणी नव्हतं. ती चित्रं मोठी करून विहारात लावायचं काम दादाला मिळालं. पुढं बाया त्या पुलावरच्या पळणाऱ्या माणसांपुढंही मेणबत्त्या लावू लागल्या. मी हसले तेव्हा बाबांनी असं पाहिलं की पुन्हा हसले नाही.

मूळ चित्रं लाकडी ठशांची आहेत, एकेका रंगाचा ठसा वेगळा, हे दादाला शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांनी सांगितलं. दादाकडे ठसे कुठले, तो ब्रशनंच ती हार्डबोर्डवर उतरवायचा. आभाळाचा निळा खाली येता येता विरतो, त्यासाठी आधी ओलं फडकं फिरवायचं. ठशासारखी एकसारखी रेघ हातानं काढायची तर श्वास रोखावा लागे, घरात कुणी शिंकलं तरी तो खेकसायचा. बाईचा डोळा मात्र एका फटकाऱ्यात. नाकाकडून सुरुवात, बाहेर जाता जाता टोक जरासं वर, की झाला. ते त्यानं रद्दीवर, दारावर, माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावर इतकं गिरवलं की विचारू नका. विहारातलं पाहून घरोघरी मागणी सुरू झाली. सावरगावपासून मोहगावपर्यंत कुणाकुणाच्या भिंतीवर ती छत्रीवाली गेली.

त्याच वर्षी पोळ्याच्या आगेमागे आमची धाकटी बहीण कावीळ होऊन गेली. शेजारणी जामसांवलीच्या मारुतीला न्या म्हणत होत्या, बाबा सौंसरच्या दवाखान्यात घेऊन गेले, आणि तिथून तिला परत आणलं ते झाकूनच. तिचा एकही फोटो नव्हता. फोटो काढायचा तर नवा फ्रॉक हवा, आणि नवा फ्रॉक आला की फोटोचं राहून जायचं.

काही महिन्यांनी माय भाकर थापता थापता थांबली. "मले तिचं तोंडच नाई आठवून राहिलं," ती म्हणाली. "आवाज येते, चालणं येते. तोंड येत नाई." मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. तिनं दादाला हाक मारली. "जगाच्या बाया काढून राहिला तू. मायी पोरगी काढ ना."

धाकटीच्या पहिल्या स्मृतिदिनी, पुण्यानुमोदनाला, बुद्धाच्या तसबिरीशेजारी तिचं चित्र ठेवायचं ठरलं. दादानं मला समोर बसवलं. "नाक तुयासारखंच होतं तिचं. हलू नको." मी न हलता बसायची आणि समोरच्या बोर्डावर ती तयार होताना पाहायची. कपाळ आलं, केस आले, नाक आलं. मग डोळे आले आणि टोक वर गेलं. दादानं टर्पेंटाइननं पुसलं. पुन्हा काढलं, पुन्हा टोक वर गेलं. गाल गोल काढायचे तर चेहरा उभट व्हायचा.

"अशी नव्हती ती," मी म्हणायची.

"मले दिसत नाई का?" तो ओरडायचा. मग एका दुपारी ब्रश ठेवून हळूच म्हणाला, "हातच तसा वळून राहिला गं. मी काय करू?"

मला त्याची कीव यायला हवी होती. मला राग आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. एवढा तोरा मिरवणाऱ्याला आपल्या बहिणीचा एक डोळा काढता येऊ नये?

कार्यक्रमाच्या दिवशी चित्रावरचं फडकं काढलं तेव्हा आलेली माणसं हरखून गेली. विहारातल्या महामायेसारखीच दिसत होती ना. "कशी शांत दिसून राहिली पोरगी," एक बाई म्हणाली, आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. दादा दारात पाठ करून उभा होता. वंदना झाली, जेवणं झाली, माणसं गेली.

मग मायनं मला जवळ बसवलं. "ही ती नोहे," ती म्हणाली. "तू तिच्यासंग एका गोधडीत निजत होती. तुले आठवते. सांग मले, कशी होती."

मला आठवतच होतं. गाल गोल, पुढचा दात किडका, भुवईवर पडल्याची खूण. मी तोंड उघडलं, आणि हे सगळं एका चेहऱ्यावर ठेवून पाहू लागले. चेहरा आला तो समोरच्या बोर्डावरचा. मी डोळे मिटले तरी तोच. महिनाभर मी त्याच्याकडेच तर पाहत बसले होते. दात आठवत होता, खूण आठवत होती, ती आठवत नव्हती. आणि माझ्यानंतर विचारावं असं घरात कुणी उरलं नव्हतं; बाबांना मायनं आधीच विचारून पाहिलं होतं.

"नाई आठवत, माय."

ती रडेल असं वाटलं, ती रडली नाही. उठली, पदरानं चित्रावरची धूळ पुसली. धूळ नव्हतीच, रंग नुकता वाळला होता.

"दादाले सांग, आता पुन्हा काढू नको म्हणा," ती म्हणाली. "हिलेच आपली म्हणू."