‘येते’ म्हणून गेलेल्या तुळजाबाई

तुळजाबाईंना इंग्रजी येत नव्हतं असं म्हणणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय. जालन्यातल्या एका दवाखान्यात बत्तीस वर्षं आया म्हणून काढल्यावर जेवढं इंग्रजी अंगाला चिकटतं तेवढं त्यांना येत होतं, आणि ते त्या ठणकावून बोलत. ‘टर्न धिस साइड.’ ‘डीप ब्रेथ.’ ‘व्हेअर पेन? हिअर पेन?’ ‘मोशन क्लिअर?’ अडचण एवढीच की हे सगळं निजलेल्या माणसाशी बोलायचं इंग्रजी होतं. उभ्या माणसाशी काय बोलायचं हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

त्यामुळे चर्चचे पाळक राजानंद यांनी उपासनेनंतर केनियाला जाणाऱ्या पाच जणांची नावं वाचली आणि त्यात तुळजाबाईंचं नाव आलं, तेव्हा मागच्या बाकांवर खसखस पिकली. पाळकसाहेब चहा मागतानासुद्धा ‘प्रियांनो’ म्हणायचे. ते म्हणाले, “प्रियांनो, हसू नका. मे महिन्यात तीन आठवडे सेवा आहे. तिथल्या चर्चच्या मंडळीनं निराधार म्हाताऱ्या बायांसाठी आश्रम चालवला आहे. म्हाताऱ्या माणसाची वेणी घालणं, नखं काढणं, हे तुमच्यापैकी कोणाला येतं? हात वर करा.” एकही हात वर गेला नाही.

शेजारच्या रजनीताई सरकारी कचेरीतल्या. त्यांनी भिंतीवरून विचारलं, “अहो तुळजाबाई, तिकडचे लोक तर आधीच ख्रिस्ती असतात म्हणे. मग तुम्ही जाऊन काय नवीन सांगणार?”

“मॅडम, भाकर तुमच्या घरी बी असती. म्हणून मी आणून देत न्हाई का?”

“ते खरं. पण बोलणार कशा?”

“तेच तर पाठ करून राह्यले!”

प्रत्येकानं तिथं एकदा साक्ष द्यायची होती, म्हणजे येशूनं आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. तुळजाबाईंची साक्ष पाळकसाहेबांनी लिहून दिली होती. सुरुवात होती, ‘आय वॉज इन डार्कनेस.’

“पाळकसाहेब, मी कव्हा अंधारात व्हते? टेंभुर्णीला आमच्या आज्याच्या टायमापासून आमचं घर ख्रिस्ती.”

“तुळजाबाई, साक्षीत थोडा अंधार लागतो.”

“मंग लोडशेडिंगचं सांगू का?”

तुळजाबाईंनी हसण्यावारी नेलं, पण ते पान दुमडून बायबलात ठेवलं आणि रोज घोकलं. कारण होतं. बत्तीस वर्षांत त्यांनी कित्येकांचे शेवटचे हात धरले होते आणि मनातल्या मनात प्रार्थना केल्या होत्या. पण येशूबद्दल बोलायचं काम पाळकाचं, फार तर सिस्टरचं. आयानं भांडं उचलायचं. ‘बाई, तुमचा येशू तुम्हाला कसा वाटतो,’ असं कोणी विचारलंच नव्हतं. मरायच्या आधी एकदा, एका तरी माणसाला, आपल्या तोंडानं सांगायचं होतं.

किसुमू शहरापासून तासभरावर तो आश्रम होता. आवारात एक मोठं झाड, झाडाखाली बाक, आणि बाकावर मामा अकिन्यी; तिकडे आईला ‘मामा’ म्हणतात. वय ऐंशीच्या वर, मान ताठ. आश्रम सांभाळणारी ग्रेस म्हणाली, ही प्रार्थनेला येत नाही, कोणाच्या हातचं नीट जेवत नाही, आणि सगळ्यांना नावं ठेवते.

तुळजाबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि हुकूम सोडला, “टर्न धिस साइड.”

म्हातारी वळली. इतकी वर्षं तिला कोणी हुकूम केलाच नसावा. तुळजाबाईंनी सोबत नेलेलं खोबरेल तिच्या डोक्यावर थापलं आणि दोघींचं जमलं. अकिन्यीला थोडं इंग्रजी यायचं, तेही मोडकंच, त्यामुळे कोणालाच लाज वाटायची नाही. एक मराठवाड्याचं इंग्रजी फेकायची, दुसरी व्हिक्टोरिया सरोवराकाठचं परत करायची.

“पेन?”

“पेन एव्हरीव्हेअर.”

“मी बी एव्हरीव्हेअर. ईट.”

आणि म्हातारी उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, मुकाट खायची.

अडीच आठवडे असे गेले. मग शुक्रवारी दुपारी पाच जणांच्या संघाला किसुमूला निघायचं होतं. तिथं तीन दिवस सभा, रविवारच्या मोठ्या उपासनेत तुळजाबाईंची साक्ष, आणि सोमवारी सकाळी विमान. आश्रमात पुन्हा यायचं नव्हतं. गाडी हॉर्न वाजवत होती. पाळकसाहेब “प्रियांनो, जल्दी” करत होते. तुळजाबाईंनी अकिन्यीचे दोन्ही हात धरले, डोळे पुसले, आणि आपण सगळे निघताना म्हणतो तेच म्हणाल्या. फक्त इंग्रजीत.

“आय अ‍ॅम कमिंग.”

म्हातारीनं मान डोलावली. गाडी गेली.

रविवारी सकाळी आठला पाळकसाहेबांच्या फोनवर ग्रेस होती. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. “तुळजाबाई, तुम्ही त्या मामाला काय सांगून आलात?”

“काय सांगणार? येते म्हणले.”

“ती परवापासून बाकावर बसून आहे. म्हणते, इंडियाची बाई येते म्हणाली आहे. रात्री उचलून आत न्यावं लागतं. नुसता चहा घेते. ताट समोर केलं की म्हणते, ती आली की.”

“अहो, पण मी निघताना म्हणले ना! निघताना माणूस येतेच म्हणतं!”

“आपल्याकडे. ग्रेस सांगते, इकडे कोणी उठून जाताना ‘येते’ म्हणालं, तर ते पाण्याला गेलं असं समजायचं. पाच मिनिटांत परत.”

तुळजाबाई तडकल्या. “मंग काय ‘जाते’ म्हणायचं व्हतं? जित्या माणसाला तोंडावर ‘जाते’ म्हणायचं? आमच्या मायनं थोबाड फोडलं असतं!”

“ग्रेस समजावेल तिला. दहाला उपासना आहे. सातशे माणूस येणार आहे. प्रियांनो... म्हणजे तुळजाबाई, याच्यासाठीच तर आलात ना तुम्ही?”

याच्यासाठीच आल्या होत्या. पान बायबलात होतं, डार्कनेसपासून आमेनपर्यंत बराबर पाठ होतं. तुळजाबाईंनी पायांत चपला अडकवल्या.

“सातशे लोक जेवून येतेत, पाळकसाहेब. तिनं दोन दिस खाल्लं न्हाई.”

तिकडे मोटरसायकलची रिक्षा असते, बोडा-बोडा म्हणतात. तुळजाबाई तिच्यावर नऊवारी सावरून एका बाजूनं बसल्या आणि तासभर चालवणाऱ्या पोराच्या पाठीवर थापा मारत राहिल्या, “स्लो, स्लो! डीप ब्रेथ!”

अकिन्यी बाकावर होती. मान ताठ. तुळजाबाई समोर जाऊन उभ्या राहिल्या तेव्हा तिनं आधी वर पाहिलं नाही, मग पाहिलं, आणि जे काही बोलली ते ऐकून ग्रेस खो-खो हसली.

“ती विचारते, इंडियातून चालत आलीस का?”

“सॉरी,” तुळजाबाई म्हणाल्या. “माय मिस्टेक. आमच्यात कमिंग मंजी गोइंग.”

ग्रेसनं ते कसंबसं सांगितलं. म्हातारीला पटेना. जायचं तर येते का म्हणायचं? हे कसले लोक? पण ताट आलं, आणि तुळजाबाईंनी पहिला घास केला, तेव्हा तिनं तोंड उघडलं. अर्धं ताट झाल्यावर तिनं तुळजाबाईंचं मनगट धरलं.

“व्हाय यू कम बॅक?”

पाठ केलेलं पान डोक्यातून पार उडालं. डार्कनेस नाही, आमेन नाही. तुळजाबाईंनी हातातला घास ताटात ठेवला.

“माय येशू,” त्या म्हणाल्या, “गोइंग टू हेवन, ही बी सेड, आय अ‍ॅम कमिंग. टू थाउजंड इयर. आमचा आज्या वेटिंग. आमचा बाप वेटिंग. मी वेटिंग. आय नो वेटिंग. व्हेरी पेन.” मग शब्द संपले आणि त्या सरळ मराठीवर आल्या. “पर तो खोटं न्हाई बोलत, माय. दवाखान्यात रात-रात बसले ना, तव्हा तो बाजूला असायचा. मला ठावं हाय. म्हणून माझ्या तोंडून खोटं ‘येते’ निघालं, ते मला सोसलं न्हाई.”

मराठीचं भाषांतर ग्रेसला येणं शक्य नव्हतं. कोणी मागितलंही नाही. अकिन्यीनं तोंडातला घास गिळला.

“टू थाउजंड,” ती म्हणाली. “युवर जीझस, ही इज फ्रॉम युवर व्हिलेज.”

तुळजाबाई इतक्या हसल्या की ठसका लागला. म्हातारीही हसली, तोंडात दोनच दात. मग तिनं ग्रेसला काहीतरी विचारलं. ग्रेस जरा चकित होऊन म्हणाली, “प्रार्थना किती वाजता असते, विचारते आहे. येईनच असं नाही म्हणते. फक्त विचारते आहे.”

बोडा-बोडावाला फाटकाशी थांबला होता. तुळजाबाई उठल्या. जिभेवर नेहमीचा शब्द आला आणि त्यांनी तो दातांत धरला. पासष्ट वर्षांत जो शब्द त्यांनी कोणाच्या दारात उच्चारला नव्हता, तो आता म्हणायचा होता.

“आय गो,” त्या म्हणाल्या. “नॉट कमिंग, माय. जाते मी. जाते.”

अकिन्यीनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, तेल थापल्यासारखा. मग काठी टेकवत ती बाकावरून उठली आणि उरलेलं ताट घेऊन सावकाश आत गेली.