हजेरीला न येणाऱ्या अकरा जणी

शाळेत त्यांना सगळे शिट्टी मॅडम म्हणत. म्हणजे तोंडावर मॅडम, पाठीमागे नुसतंच शिट्टी. सव्वीस वर्षं खेळाच्या तासाला पोरांना पळवून त्यांचा आवाज असा काही तयार झाला होता, की मैदानाच्या या टोकाला त्या "पाय उचला!" म्हणाल्या की कुंपणापलीकडच्या रस्त्यावरून जाणारे अनोळखी लोकसुद्धा पाय उचलत. नवरा आरेखक. दिवसभर टेबलावर वाकून इमारतींचे नकाशे काढायचा, आणि बोलायचाही बारीक पेन्सिलीने रेघ मारावी तसं. बऱ्याचदा "हं" एवढंच. त्या "हं"चा अर्थ लावायचं काम मॅडमकडे.

एकुलती एक मुलगी शिकायला परगावी निघाली आणि जाताना हॉलमधली काचेची टाकी आईच्या गळ्यात मारून गेली. टाकीत पाणवनस्पतींचं दाट रान, एक वाकडंतिकडं लाकूड, त्यावर हिरवंगार मॉस आणि कोपऱ्यात बुडबुडे सोडणारा स्पंजचा फिल्टर. त्या रानात म्हणे अकरा लाल कोळंब्या राहत होत्या. सगळ्यात मोठी बोटाच्या पेराएवढी.

"दोन दिवसांतून एकदा चिमूटभर खाणं," मुलीने बजावलं. "आठवड्याला दोन तांबे पाणी बदल, तेही आदल्या दिवशी भरून ठेवलेलं. बाकी काहीही करायचं नाही."

"काहीही म्हणजे?"

"आई, काहीही म्हणजे काहीही. लाजाळू असतात गं त्या."

"लाजाळू पोरं मी शंभर सरळ केलीत," मॅडम म्हणाल्या. मुलीने बाबांकडे पाहिलं. बाबा "हं" म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मॅडमनी रोज सकाळी व्यायाम झाला की टाकीसमोर उभं राहून हजेरी घ्यायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी दोन हजर. दुसऱ्या दिवशी एक, तीही अर्धी, कारण उरलेली अर्धी पानाआड होती. तिसऱ्या दिवशी शून्य. मॅडमनी काचेवर टिचकी मारली. "चला, बाहेर या बघू!" म्हटलं. मॉसचा एक तंतूही हलला नाही. एवढा अपमान त्यांचा दहावीच्या वात्रट तुकडीनेही केला नव्हता.

"आहेत तरी का आत?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. "का ही पोरगी मला नुसतं पाणी सांभाळायला लावून गेली?"

नवऱ्याने पेन्सिल खाली ठेवली. म्हणजे आता मोठं वाक्य येणार. "तू इथे उड्या मारतेस ना, तेव्हा आतल्या खोलीत माझी पट्टी टेबलावरून सरकते. त्यांच्या तर डोक्यावर आभाळ कोसळत असेल."

मॅडम दोन दिवस फुगून बसल्या. तिसऱ्या दिवशी मात्र कुणाला न सांगता व्यायाम गच्चीवर गेला. आठवडाभरात कोळंब्या एकेक करून बाहेर यायला लागल्या. चार, मग सहा. इवल्याशा हातांनी लाकूड खरवडून काहीतरी तोंडात टाकायच्या, थांबायच्या, पुन्हा खरवडायच्या. मॅडमना त्यांची कामसू वृत्ती आवडली. खटकलं ते एकच, काचेवर चढत चाललेलं हिरवं शेवाळ.

घाण दिसली आणि हात गप्प राहिले असं त्यांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. एका सुट्टीच्या दिवशी नवरा बाहेर गेल्याची संधी साधून त्यांनी पदर खोचला. काच घासली, लाकूड घासलं, फिल्टरचा स्पंज पिळला आणि दोन तांब्यांच्या जागी आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या चांगल्या तीन बादल्या रिकाम्या केल्या. टाकी आरशासारखी लखलखली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळाशी एक कोळंबी आडवी पडलेली दिसली. पांढरीफटक. तिच्या शेजारी दुसरी. दुपारपर्यंत सात झाल्या. मॅडमनी चिमट्याने एकेक उचलून त्या गॅलरीतल्या कुंडीत पुरल्या.

"दोन मिनिटं उभा राहू का?" नवऱ्याने दारातून विचारलं. पण बायकोचे डोळे बघून तो खरंच उभा राहिला, आणि दोनाची पाच मिनिटं झाली तरी हलला नाही.

रोज संध्याकाळी मुलीचा फोन आला की मॅडम म्हणायच्या, "मजेत आहेत सगळ्या." शंभरदा मुलांना खोटं बोलू नये म्हणून सांगणाऱ्या बाईंना चौथ्या फोनला ते पेलवेना. त्या हुंदका देऊनच बोलल्या, "माझ्या हातून गेल्या गं तुझ्या कोळंब्या. सात गेल्या. तू नको म्हणाली होतीस तरी मी घासलं."

पलीकडून प्रश्न आला, "कशा दिसत होत्या?"

"पांढऱ्या. आरपार दिसत होतं."

"आणि पाठीवर चीर होती?"

"होती वाटतं. एवढं कोण बघतंय अशा वेळी?"

"आई, आत काही होतं का?"

"आत?" मॅडमनी डोळे पुसले. "आत काही नव्हतं. पोकळच होत्या बिचाऱ्या."

पलीकडून असं खिदळणं ऐकू आलं की मॅडमनी फोन कानापासून लांब धरला. "आई, त्या कात टाकतात गं! एवढं पाणी एकदम बदललंस म्हणून सगळ्यांनी एकदमच टाकली असेल. तू त्यांचे कपडे पुरलेस!"

मॅडम फोन तसाच हातात घेऊन टाकीपुढे गेल्या आणि गुडघ्यांवर बसल्या. बराच वेळ बघितल्यावर मॉसच्या आड एक लाल मिशी हलली. मग दुसरी. नवीन कातडं कडक होईपर्यंत त्या दडून बसल्या होत्या, एवढंच. अकराच्या अकरा मोजून झाल्या तेव्हा मॅडमना एकदम हसू फुटलं, आणि त्या हसण्याने अकराही पुन्हा गायब झाल्या.

पुढच्या महिन्यात मॅडमनी काही केलं नाही. निदान टाकीला तरी. एका कोळंबीच्या पोटाखाली मोहरीसारखे पिवळे दाणे दिसले तेव्हा त्यांना वाटलं, हा काहीतरी रोग. आरेखकाने आपलं भिंग आणलं, बघितलं आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाला, "दिवस गेलेत."

चारेक आठवड्यांनी पेन्सिलीच्या टोकाएवढी पिल्लं मॉसवर दिसली. नवरा भिंगातून मोजायचा आणि चाळिसाला पोचला की चुकायचा. मॅडम त्याच्या खांद्यावरून बघत चक्क कुजबुजत बोलायच्या. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी काळजीने विचारलंही, "तुमच्या घरी कुणी आजारी आहे का हो?"

पिल्लं मोठी झाली, टाकी अपुरी पडली. तेव्हा मॅडमनी वीस कोळंब्या कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना दिल्या. त्यांच्या बाहेरच्या खोलीत झाडांनी भरलेली मोठी टाकी होती. त्यानंतर पंधरा दिवसांतच मॅडमची दाढ दुखायला लागली. मग हिरडी. मग नुसतंच "काहीतरी ठणकतंय". दवाखान्यातल्या मदतनीस बाई नाव पुकारायच्या, आणि टाकीपुढे ओणव्या झालेल्या मॅडम मागे वळून न बघताच हळूच म्हणायच्या, "तुम्ही पुढच्यांना घ्या. माझी अजून एक सापडायची आहे."