नवरदेवापुरता थेंब

कोहमाऱ्याच्या फाट्यावर बस येईना, म्हणून मी तिथल्याच एका दुकानात दाढी करायला बसलो आणि बसल्याबसल्याच पस्तावलो. पन्नाशीचा तो न्हावी वस्तरा माझ्या गालाला टेकवायचा आणि स्वतःची मान मात्र मागे मागे न्यायचा, जणू मी त्याला चावणारच होतो. लांबचं त्याला झकास दिसत होतं. रस्त्यापलीकडच्या ट्रकचा नंबरसुद्धा त्यानं मला वाचून दाखवला. वयानं फक्त जवळचं धूसर केलं होतं, आणि जवळ होतो मी.

"चष्मा काऊन नाही लावत?" मी फेसातूनच विचारलं.

"वाकलो का घसरते जी. एकडाव गिऱ्हाइकाच्या तोंडावरच पडला." त्यानं आरशामागची इवलीशी शिशी काढून दाखवली. "डॉक्टरनं हा ड्रॉप लिहून देला. सकाळी टाकला का दुपारपर्यंत केस न् केस दिसते. पण भलता महाग हाय. रोज टाकला तं घर कसं चालन? नवरदेव बसला का टाकतो."

शिशी पुन्हा आरशामागे गेली. वस्तरा गळ्याकडे उतरला. माझा पाय आपोआप हलायला लागला.

"हालू नका जी," तो म्हणाला. "त्या ड्रॉपानं एकच होते, सावलीत अंधारल्यावानी वाटते. मंग मी खुर्ची बाहेर उन्हात ओढतो."

मान हलवायची सोय नव्हती, म्हणून मी नुसते डोळे वर केले. डोक्यावर दुकानाचे पत्रे होते.